जळगाव की पुणे: दोन शहरांचा खर्च एका वहीत कसा मांडायचा

खान्देशातल्या घराघरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. मुलाला पुण्यात ऑफर आलेली असते आणि जळगावच्या एमआयडीसीतही काम मिळत असतं. किंवा पुण्यात सात-आठ वर्षं काढलेलं जोडपं आता गावाकडे यायचं म्हणत असतं. ओट्यावर बसून चर्चा होते आणि बहुतेक वेळा ती दोनच आकड्यांवर अडते: पगार किती आणि भाडं किती. एवढ्यावर घेतलेला निर्णय सहा महिन्यांत टोचायला लागतो. पाण्याची टाकी, मे महिन्याचं वीजबिल, गावाकडचे गहू, ऑफिसचा रस्ता आणि घरातला दुसरा पगार यांचा त्या चर्चेत कुणी हिशेबच धरलेला नसतो.

इथे उदाहरण जळगाव आणि पुण्याचं घेतलं आहे. हीच रीत धुळे-नाशिकला किंवा भुसावळ-छत्रपती संभाजीनगरला लागू पडते. लागणार काय, तर एक वही, गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट आणि दोन निवांत संध्याकाळी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जळगाव, उजवीकडे पुणे. पुढे जे रुपयांचे आकडे येतील ते नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी स्वतःचे घाला.

पहिली पायरी: पगाराचा आकडा सोलून घ्या

ऑफर लेटरवर ‘वर्षाला ९ लाख’ लिहिलं असलं म्हणून महिन्याला ७५ हजार हातात येत नाहीत. त्या ९ लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि वर्षअखेरी मिळाला तर मिळेल असा बोनस मिसळलेला असतो. एचआरला सरळ विचारा: ‘दर महिन्याला खात्यात नेमके किती जमा होतील?’ उत्तर बहुतेक साठ ते पासष्टच्या घरात येईल. वहीत तोच आकडा लिहायचा. तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ मात्र खर्च समजू नका. ती बचत आहे, शेवटी शिल्लकेत मिळवायची.

जळगावकडच्या ऑफरला उलटा प्रश्न विचारायचा. छोट्या कारखान्यात, दुकानात किंवा पेढीवर पगार ‘रोख हातात’ सांगतात, पण पीएफ असतोच असं नाही. २० पेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला तो सक्तीचा नाही. ४२ हजार पीएफशिवाय आणि ४० हजार पीएफसह यात दुसरा पगार मोठा आहे.

आयकराची भीती इथे फारशी धरायची नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. व्यवसाय कर राज्यभर सारखाच, वर्षाला २,५०० रुपये.

केंद्र सरकारी नोकरीत बदली असेल तर घरभाडे भत्त्याचा फरक आधी काढा. पुणे ‘एक्स’ वर्गात आहे, नाशिक ‘वाय’मध्ये, जळगाव आणि धुळे ‘झेड’मध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के भत्ता मिळतो. मूळ वेतन ४० हजार असेल तर पुण्यात १२ हजार, जळगावात ४ हजार. म्हणजे ८ हजार जास्त. भाड्यातला फरक याहून मोठा असतो, तो पुढे येईलच.

दुसरी पायरी: दोन्हीकडे सारखं ते खोडा

मोबाइलचं रिचार्ज, गाडीचा हप्ता, एलआयसी, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू, छापील किमतीची साबण-पेस्ट या सगळ्याला दोन्हीकडे सारखेच पैसे लागतात. ते लिहीत बसलात तर पान भरेल, निर्णयाला मदत होणार नाही. विजेचा दरही दोन्हीकडे महावितरणचाच, म्हणजे एकच. पण इथे फसू नका. दर एक असला तरी युनिट सारखी पडत नाहीत. वीज खोडायची नाही, तिच्यावर वेगळी पायरी आहे.

तिसरी पायरी: घर

‘पुण्यात भाडं किती?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. कामाचं ठिकाण नकाशावर आधी लावा, मगच भाड्याचा भाग निवडा. खान्देशी माणसांची मोठी वस्ती भोसरी, मोशी, चिखली, निगडी या बाजूला आहे. चाकणच्या कारखान्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये काम असेल तर हा भाग उत्तम. पण नोकरी खराडीला आणि घर मोशीला, कारण तिथे मामा राहतात, हे गणित दोन महिन्यांत कंबर मोडतं. मामाकडे रविवारी जाता येतं.

भाड्याच्या खाली चार ओळी ठेवा.

मेंटेनन्स: पुण्यात भाडं ‘मेंटेनन्ससह’ की ‘वेगळा’ हे पहिल्याच फोनवर विचारायचं. सोसायटीत लिफ्ट, वॉचमन, जनरेटर असले की दोन-तीन हजार सहज जातात. कडेच्या नव्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकर लागतात आणि त्याचा बोजा मेंटेनन्सवर येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर येतात ते विचारा.

डिपॉझिट: ते परत मिळतं म्हणून लोक हिशेबात धरत नाहीत. पण ६६ हजार रुपये घरमालकाकडे अडकले तर बँकेतल्या ७ टक्के व्याजाने महिन्याला सुमारे ४०० रुपये बुडतात. शिवाय घर सोडताना रंगाचे पैसे कापतात. किती कापणार ते करारातच लिहून घ्या.

दलाली: पुण्यात एजंटमार्फत घर घेतलं तर साधारण एक महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांनी घर बदललं की पुन्हा. म्हणून ही रक्कम ११ ने भागून महिन्याच्या खर्चात घाला, निदान पहिल्या वर्षी तरी.

करार: महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. २२ हजार भाडं, ६६ हजार डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार असेल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवरच्या १० टक्के मानीव व्याजावर पाव टक्का, म्हणजे सुमारे ६२० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट आपले पैसे वेगळे लावतो. जळगावात ओळखीवर, साध्या कागदावर घर देण्याची पद्धत अजून दिसते. तरी नोंदणीचाच आग्रह धरा. आधारवरचा पत्ता, गॅसचं कनेक्शन, मुलाची शाळा, सगळीकडे तोच कागद लागतो.

आता जळगावकडे या. इथे भाडं कमी, पण घर बघताना वेगळे दोन प्रश्न विचारावे लागतात आणि पुण्याहून येणारे ते विसरतात.

पहिला पाण्याचा. शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण नळाला रोज येत नाही. महाबळ, पिंप्राळा, गणेश कॉलनी, खोटे नगर, कुठलाही भाग असो, शेजारणीला विचारा: ‘ताई, पाणी किती दिवसाआड येतं, किती वाजता येतं आणि किती वेळ राहतं?’ घरमालकाला विचारून उपयोग नाही. मग टाकीचं गणित करा. माणशी दिवसाला १२० लिटर धरले तर चौघांना ४८० लिटर. तिसऱ्या दिवशी पाणी येत असेल तर १,४४० लिटर साठवण हवी. उन्हाळ्यात कूलर दिवसाला चाळीस ते साठ लिटर पितो, म्हणजे तीन दिवसांचे आणखी दीडशे. दोन हजार लिटरची टाकी एकट्या तुमच्यासाठी असेल तर निभावतं. तीच टाकी तीन बिऱ्हाडांत वाटलेली असेल तर मे महिन्यात रोज भांडण. खाली हौद आणि बोअर आहे का, बोअरला मार्च संपल्यावर पाणी राहतं का, हेही पाहा. धुळ्यात घर बघणाऱ्यांनी तर भाड्याच्याही आधी हा प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न गच्चीचा. तुमचं घर वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दोनपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते. घर बघायला सकाळी अकराला जाऊ नका. शक्य असेल तर उन्हाळ्यात दुपारी चारला जा, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहा, मग छताकडे हात उंच करून पाहा. चेहऱ्याला धग जाणवली तर मधल्या मजल्यावरचं घर हजार रुपये जास्त देऊन घेतलेलं परवडेल.

चौथी पायरी: ऊन आणि वीज

जळगाव-भुसावळात उन्हाळ्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो. पुण्यात चाळिशीला टेकला तरी बातमी होते आणि रात्री बहुतेक वेळा पंख्यावर भागतं. या फरकाचं वीजबिलात रूपांतर असं करा.

घरातला मोठा कूलर साधारण २०० वॅटचा. दिवसाला १४ तास चालला तर २.८ युनिट, महिन्याला ८४. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर ८ ते १० युनिट, महिन्याला २४० ते ३००. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि शंभरच्या पुढच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट असतो. एरवी ११० युनिट जळणारं घर कूलरमुळे दोनशेच्या आत राहतं. एसी लावला की साडेतीनशे-चारशेवर जातं, म्हणजे तीनशेच्या वरची युनिटं तिसऱ्या टप्प्यात पडतात. बिल दुप्पट-तिप्पट होण्याचं कारण हे आहे, मीटर खराब झालेलं नसतं.

बिल बारा महिन्यांवर पसरा. आठ महिने १,००० आणि मार्च ते जून २,५०० धरले तर वर्षाचे १८,०००, महिन्याला सरासरी १,५००. पुण्यासाठी १,००० धरा.

कूलरबद्दल एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. तो खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवायचा आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर खोलीत नुसता दमटपणा साठतो, अंग चिकट होतं आणि लोक म्हणतात की कूलर बिघडला. जूनमध्ये ढग आले की हवा दमट होते, मग कूलरचा उपयोग फक्त पंख्याइतका. ते तीन आठवडे सगळ्यात वाईट.

पाचवी पायरी: कोठी, किराणा आणि गावाकडचं पोतं

खान्देशी घराच्या हिशेबात सगळ्यात जास्त चूक इथे होते. ‘आमचं धान्य घरचंच असतं, फुकट पडतं’ असं म्हणतात. घरचे गहू फुकट नसतात. बाजार समितीत त्या दिवशी जो भाव मिळाला असता तो त्यांचा भाव. वहीत तो लिहा. शेत वडिलांचं असेल तर त्यांनी दिलेलं ते धान्य म्हणजे त्यांची मदत, तीही वेगळ्या ओळीत लिहा. मदतीचा आकडा दिसला की खरा खर्च दिसतो.

चौघांचं पोळी-भाकरीचं घर वर्षाला साधारण दोन ते अडीच क्विंटल गहू खातं, वर दादर (रब्बी ज्वारी) आणि बाजरी. जळगावात नवे गहू आले की मार्च-एप्रिलमध्ये एकदम घ्यायचे, दोन दिवस कडक उन्हात घालायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचे. गरम गहू भरले की कोठीत वाफ धरते आणि श्रावण येईपर्यंत सोंडे होतात. दोन क्विंटलच्या कोठीला दोन फूट रुंद आणि तीन-साडेतीन फूट उंच जागा लागते. पुण्याच्या वन बीएचकेत ती कुठे ठेवणार? तिथे दर दीडेक महिन्याला तीस किलोचं पोतं किंवा तयार पीठ घ्यावं लागतं, म्हणून वर्षभराच्या खरेदीतला फायदा जातो. गच्चीवर जायला परवानगी नसेल तर बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, शेवयाही घरी होत नाहीत, विकतच्या येतात.

मग गावाकडून मागवायचं का? ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पार्सल येतं. तीस किलो गव्हाच्या पोत्याला १५० रुपये घेतले आणि गावाकडे गहू किलोमागे ८ रुपयांनी स्वस्त पडला, तर वाचले २४० आणि गेले १५०. वर पहाटे पाचला उड्डाणपुलाखाली जाऊन पोतं उचलायचं, रिक्षा करायची. काहीच उरत नाही. सरळ नियम ठेवा: जड आणि स्वस्त वस्तू पुण्यात घ्या, हलकी आणि महाग गावाकडून आणा. तूरडाळ, उडीद, कांडलेलं तिखट, गरम मसाला, पापड, बिबडे, शेंगदाणे हे आणण्यासारखं. कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी चार वाटे दादर आणि एक वाटा उडीद मिसळून द्यायला आईला सांगा. पाच किलो महिनाभर पुरतं आणि पुण्यात तसं दळण मिळत नाही.

भाजीचा फरक रुपयांत कमी आणि चवीत जास्त आहे. हिवाळ्यात जळगावात भरताची हिरवी-पांढरी वांगी ढिगाने येतात. २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. पुण्यात वांगी मिळतात, पण पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजायला अंगण नसतं, आणि गॅसवर भाजलेल्याला तो धूर लागत नाही. याचे रुपये करता येत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर ‘पैशात न येणारं’ असा मथळा करून तिथे लिहून ठेवा.

सहावी पायरी: रस्ता रुपयांत आणि तासांत

हा हिशेब दोनदा करायचा.

आधी रुपये. जळगावात रिंग रोडवरून एमआयडीसीत जाणं-येणं दिवसाला दहा किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस म्हणजे २६० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देत असेल तर सहा लिटरच्या आत. मोशीहून हिंजवडीला एका बाजूने वीसेक किलोमीटर, २२ दिवसांचे ८८० किलोमीटर, जवळपास वीस लिटर. वर सर्व्हिसिंग, टायर आणि क्लच लवकर जातात.

मग तास. जळगावात दिवसाला ४० मिनिटं, महिन्याला १७ तास. पुण्यात दिवसाला अडीच तास धरले तर ५५ तास. पण लगेच जळगावच्या बाजूने निकाल देऊ नका. इथल्या बऱ्याच खाजगी नोकऱ्यांत आठवडा सहा दिवसांचा असतो, पुण्यातल्या आयटीत पाच दिवसांचा. काम आणि रस्ता एकत्र मोजा. जळगाव: २६ दिवस, साडेआठ तास, म्हणजे २२१ अधिक १७, एकूण २३८. पुणे: २२ दिवस, नऊ तास, म्हणजे १९८ अधिक ५५, एकूण २५३. फरक १५ तासांचा उरतो, आणि शनिवार पुण्याच्या पारड्यात पडतो. आठवड्यात दोन दिवस घरून काम करायला मिळत असेल तर पुण्याचे तास जळगावाच्याही खाली येतात. ऑफर घेताना हे लेखी आहे का ते पाहा, तोंडी असेल तर धरू नका.

घरात गाडी न चालवणारं माणूस असेल तर पारडं पुन्हा फिरतं. पुण्यात पीएमपीएमएलची बस आहे, २०२२ पासून मेट्रो आहे, सासूबाई एकट्या दवाखान्यात जाऊन येऊ शकतात. जळगावात भिस्त रिक्षावर, आणि ती मीटरवर नाही, ठरवून घ्यावी लागते. दुचाकी शिकायची तयारी नसेल तर घर बाजारापासून पायी अंतरावर घ्या.

सातवी पायरी: गावाकडे येणं-जाणं

पुण्यात राहणारा खान्देशी माणूस वर्षातून किती वेळा गावाकडे येतो ते बोटांवर मोजा: दिवाळी, आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातली कानबाई, उन्हाळ्याची सुट्टी, तीन-चार लग्नं, एखादं आजारपण. आठ ते दहा फेऱ्या होतात. तिघांच्या एका फेरीला ३,००० धरले तर वर्षाचे ३० हजार, महिन्याला २,५००.

हा खर्च कमी करता येतो. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. लग्नाची तारीख कळली की त्याच दिवशी साठ दिवस उलटे मोजून कॅलेंडरवर खूण करा. महाराष्ट्र, आझाद हिंद, झेलम या गाड्या मनमाड-दौंडमार्गे पुण्याला जोडतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना मोफत. खाजगी ट्रॅव्हल्सनी एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये असा शासनाचा नियम आहे, पण दिवाळीत ऐनवेळी तिकीट काढणाऱ्याच्या हातात घासाघीस करायला काही नसतं.

जळगावात राहिलात तर प्रवासाचे पैसे वाचतात, मात्र लग्नसराईत प्रत्येक पत्रिकेला हजेरी आणि आहेर. एका मे महिन्यात पंधरा लग्नं काही विशेष नाही. ही ओळ जळगावच्या रकान्यात जास्त भरते, पुण्याच्या कमी.

आठवी पायरी: दवाखाना आणि शाळा

रोजच्या आजारपणाला जळगाव स्वस्त आणि सोपं आहे, डॉक्टर दहा मिनिटांत गाठता येतो. २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मोठ्या आजाराला मात्र अनेकदा नाशिक, संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, त्यासाठी महिन्याला वेगळी रक्कम बाजूला टाका.

आरोग्य विमा घेताना एक बारकावा बघा. बऱ्याच कंपन्या शहरांचे झोन करतात. जळगावच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण तीच पॉलिसी पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात वापरली तर बिलाचा काही टक्के भाग स्वतः भरावा लागू शकतो. पॉलिसीत ‘झोन’ आणि ‘को-पेमेंट’ हे दोन शब्द शोधा. उपचार पुण्यातच होणार असं वाटत असेल तर वरच्या झोनचा हप्ता भरलेला बरा.

शाळेसाठी फी, बस आणि प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतली जाणारी रक्कम अशा तीन ओळी. तिसरी बारा महिन्यांवर पसरा.

नववी पायरी: बेरीज

नमुना म्हणून नवरा-बायको, चार वर्षांचं मूल आणि एकाची नोकरी असं घर घेऊ. आकडे महिन्याचे.

जळगाव, हातात ४२,०००: भाडं ९,०००, मेंटेनन्स आणि पाणी ५००, वीज १,५००, किराणा-दूध-भाजी ९,५००, पेट्रोल-रिक्षा १,२००, शाळा २,५००, धुणी-भांडी १,०००, जवळपासचा प्रवास ३००, आहेर १,२००, बाहेरचं खाणं १,५००, मोठ्या दवाखान्यासाठी बाजूला १,०००. एकूण २९,२००. शिल्लक १२,८००.

पुणे, हातात ६५,०००: भाडं २२,०००, मेंटेनन्स २,५००, डिपॉझिटचं बुडालेलं व्याज ४००, वीज १,०००, किराणा-दूध-भाजी १२,०००, पेट्रोल आणि गाडी २,८००, शाळा ५,५००, धुणी-भांडी २,०००, गावाकडच्या फेऱ्या २,५००, आहेर ६००, बाहेरचं खाणं ३,०००, दवाखाना ५००. एकूण ५४,८००. शिल्लक १०,२००.

पगार २३ हजारांनी जास्त आणि शिल्लक २,६०० रुपयांनी कमी. या घराला पुण्यात जळगावइतकीच शिल्लक हवी असेल तर ४२,००० मध्ये खर्चातला २५,६०० चा फरक मिळवायचा: ६७,६००. तुमच्या वहीतला असा आकडा काढा आणि पगाराची बोलणी करताना तोच खालची मर्यादा म्हणून मनात ठेवा. पहिल्या वर्षी दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च त्यात आणखी पडेल.

आता दुसरा पगार. बायकोला पुण्यात २० हजारांचं काम मिळालं आणि पाळणाघराचे ८ हजार गेले तरी १२ हजार उरतात. शिल्लक २२,२०० होते आणि अख्खा निकाल उलटतो. जळगावात शाळा, बँका, कॉलेज, दवाखाने, एमआयडीसीतली ऑफिसं आहेत, पण शिक्षणाला साजेसं काम मिळायला पुण्याहून जास्त वेळ लागतो. उलट आजी घरात असेल तर पाळणाघराचे पैसे लागत नाहीत आणि मूल आजीच्या हातचं जेवतं. म्हणून वहीत प्रत्येक शहराच्या दोन बेरजा करा: एका पगाराची आणि दोन पगारांची. ज्या घरात दोघं शिकलेली आहेत तिथे बाकी सगळ्या ओळींपेक्षा ही ओळ जड आहे. ती नवऱ्याने एकट्याने लिहू नये.

नोकरी गेली तर किती दिवस तग धरता येईल, तेही लिहा. पुण्यात खर्च मोठा पण दुसरी नोकरी लवकर, जळगावात खर्च लहान पण मालक मोजके. पुण्यासाठी चार महिन्यांचा खर्च आणि जळगावसाठी सहा महिन्यांचा बँकेत असू द्या. वरच्या नमुन्यात पुण्याला सव्वादोन लाखांच्या आसपास लागतील, जळगावाला पावणेदोन लाख.

दहावी पायरी: मागचं पान

‘पुण्यात नाटकं असतात’ हे खरं, पण गेल्या वर्षी तुम्ही किती पाहिली? ‘जळगावात निवांतपणा आहे’, पण सहा दिवसांच्या आठवड्यात मेहरूण तलावावर किती सकाळी जाल? जे शक्य आहे ते लिहू नका, जे खरंच करता ते लिहा, आणि पुढे महिन्याचा आकडा टाका. आई-वडिलांबरोबर जेवण: जळगाव १०, पुणे १. मित्रांबरोबर संध्याकाळ: किती. गाणं ऐकायची आवड असेल तर जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. घरातल्या प्रत्येकाने हे पान वेगळं भरायचं, मोठ्या मुलांनीसुद्धा, आणि मग एकत्र ठेवायचं. नवऱ्याचं आणि बायकोचं पान कधीकधी इतकं वेगळं निघतं की खर्चाची बेरीज बाजूला ठेवून आधी त्यावरच बोलावं लागतं.

अकरावी पायरी: राहून बघा, मगच सामान हलवा

पंधरा दिवस नातेवाइकाकडे किंवा पीजीत राहा. पुण्यात सोमवारी सकाळी नऊला, शक्यतो पाऊस असताना, घर ते ऑफिस स्वतः गाडी चालवून वेळ लिहा. नकाशावरचा रविवारचा वेळ धरू नका. जळगावात पाणी येण्याचे दोन दिवस आणि एक दुपार त्या घरात काढा.

ठरलंच, तर सामानासाठी ‘रिटर्न गाडी’ शोधा. माल टाकून रिकामी परतणारी गाडी कमी भाड्यात येते, मात्र तारीख एक-दोन दिवस मागेपुढे धरावी लागते. वस्तूंची यादी दोन प्रतींत करा, चालकाची सही घ्या, टीव्ही आणि काचेच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा, उभाच न्या आणि पोहोचल्यावर काही तास तसाच राहू द्या, मग चालू करा. गाडी एमएच १९ ची असली तरी पुण्यात पुन्हा रोड टॅक्स लागत नाही, राज्य एकच आहे. आरसीवरचा पत्ता तेवढा बदला. गॅस एजन्सीकडून ट्रान्सफर व्हाउचर घेताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून जुनं डिपॉझिट मागून घ्या, बरेच जण ते विसरतात.

जळगावकडे येणाऱ्यांनी शाळेचं वर्ष सांभाळून मे अखेरऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये घर ठरवून ठेवावं. तेव्हा ऊन बेताचं असतं, टाकी बसवायला, कूलरची खिडकी कापून घ्यायला वेळ मिळतो, आणि बाजारात नवे गहू यायला लागलेले असतात.